दहावा माणूस

क्रिकेटचा संघ करायचा म्हटले, की अकरा खेळाडू लागतात. दहाच जमले, तर तुम्ही काय करता? कोणाच्या तरी दारात जाऊन हाक मारता, "चल रे, एक जण कमी आहे!" त्या वेळी तो मुलगा श्रीमंत आहे की गरीब, त्याच्याकडे नवी बॅट आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. तो आला, की संघ पुरा होतो.

ज्यू लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेचाही असाच एक नियम आहे. तेथे दहा जण लागतात. नऊ जण जमले आणि ते नऊही मोठे विद्वान असले, तरी काही खास प्रार्थना त्यांना म्हणता येत नाहीत. मग दहावा माणूस येतो. तो साधा मजूर असला तरी चालतो. तो आला, की प्रार्थना सुरू होते. या दहा जणांच्या मंडळीला हिब्रू भाषेत 'मिन्यान' म्हणतात. मिन्यान या शब्दाचा अर्थ आहे मोजणी.

हा नियम वरवर पाहता साधा वाटतो. परंतु त्यामुळे माणसांना एकमेकांची गरज भासते. एकमेकांची गरज भासली, की एकमेकांची विचारपूसही होते. ज्यू लोक सुखात आणि दुःखात एकमेकांच्या उपयोगी कसे पडतात, ते आपण या पाठात पाहू.

ज्यू लोकांना आपण उर्दूत यहूदी म्हणतो. ते जगातील अनेक देशांत राहतात. आपल्या महाराष्ट्रातही ते शेकडो वर्षांपासून राहत आहेत. येथील ज्यूंना 'बेने इस्रायल' असे म्हणतात. हजरत याकूब यांचे दुसरे नाव इस्राईल होते. त्यांची संतती म्हणजे बनी इस्राईल. कुरआन शरीफमध्ये हे नाव तुमच्या वाचनात आले असेल. बनी इस्राईल आणि बेने इस्रायल हे शब्द एकाच अर्थाचे आहेत.

बेने इस्रायल लोक आपल्या पूर्वजांची एक कथा सांगतात. फार फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगाव येथे एक जहाज फुटले. त्यातील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातील गावागावांत पसरले. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावातील लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ज्या गावी राहिले, त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर आणि किहीमचे ते किहीमकर झाले. त्यांची मातृभाषा मराठी आहे.

पुढे काही कुटुंबे मुंबईला आली. मुंबईतील बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. ते बनी इस्राईल आहेत असे कळल्यावर त्यांचा जीव वाचला आणि सुटकेचे आभार मानण्यासाठी त्यांनी हे मंदिर बांधले, अशी हकिकत सांगितली जाते. मंदिराचे नाव 'शाअर हारहमीम'. त्याचा अर्थ दयेचे द्वार. तुम्हांला 'रहम' हा शब्द ठाऊक आहे. 'रहमीम' हा त्याचाच भाऊ!

ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला इंग्रजीत सिनेगॉग म्हणतात. पण कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्रायल त्याला पूर्वीपासून 'मशीद' म्हणत आले. दयेचे द्वार ही त्यांची 'जुनी मशीद'. तिचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखाला ते मुकादम म्हणत. पैशांचा हिशेब ठेवणारा तो गब्बाय. प्रार्थना म्हणणारा तो हज्जान. आपल्या शेजाऱ्यांचे शब्द किती सहजपणे त्यांच्या बोलण्यात आले, ते पाहा.

आता आपण पुन्हा दहाच्या मोजणीकडे वळू. जुन्या नियमाप्रमाणे या दहांत प्रौढ पुरुष मोजले जातात. आज काही देशांतील सुधारक मंडळी स्त्रियांनाही मोजतात. पण प्रौढ कोणाला म्हणायचे? मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली, की तो प्रौढ. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलांएवढा मुलगा दहावा होऊ शकतो. आजोबा, वडील, काका असे नऊ मोठे लोक एका तेरा वर्षांच्या मुलाची वाट पाहत थांबले आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्या मुलाला आपली जबाबदारी वेगळी समजावून सांगावी लागेल का?

दहा जणांची सर्वांत जास्त गरज कोणाला पडते? ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला. आईवडील वारल्यावर मुलगा सुमारे अकरा महिने रोज 'कद्दीश' नावाची प्रार्थना म्हणतो. या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. तीत फक्त ईश्वराची स्तुती आहे. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण हजर असावे लागतात आणि त्यांनी 'आमेन' म्हणावे लागते. आपण ज्याला 'आमीन' म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे दुःखी माणसाने घरात एकटे बसून राहू नये, त्याला रोज चार माणसांत यावेच लागावे, अशी सोय या नियमाने आपोआप होते. बाकीच्या नऊ जणांनाही वाटते, की आपण गेलो नाही तर त्याची प्रार्थना राहील. मग ते झोप मोडून, काम बाजूला ठेवून जातात.

मृत्यूनंतर पहिले सात दिवस जवळचे नातेवाईक घराबाहेर पडत नाहीत. ते जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसतात. ते मशिदीत जाऊ शकत नाहीत, म्हणून मशीदच त्यांच्या घरी येते. दहा माणसे घरी जमतात आणि तेथेच प्रार्थना होते. दफनानंतरचे पहिले जेवण त्या घरातले नसावे, असा नियम आहे. शेजारी ते घेऊन येतात. त्यात उकडलेली अंडी, मसूर असे गोल पदार्थ असतात. आयुष्याचे चाक फिरत राहते, हे त्यातून सुचवायचे असते. भेटायला आलेल्या माणसाने आपण होऊन बोलायला सुरुवात करू नये. दुःखी माणूस बोलला, की मग बोलावे. तो गप्प राहिला, तर आपणही गप्प बसावे. नुसते जवळ बसणे हीसुद्धा मदत आहे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

मय्यतीची तयारी कोण करते? त्यासाठी ज्यू वस्त्यांमध्ये स्वयंसेवकांचे एक मंडळ असते. त्याला 'हेवरा कदिशा' म्हणजे पवित्र मंडळ म्हणतात. पुरुषाच्या शवाला पुरुष स्नान घालतात आणि स्त्रीच्या शवाला स्त्रिया. नंतर साधे पांढरे कफन घालतात. त्या कफनाला खिसा नसतो. श्रीमंताचे कफन आणि गरिबाचे कफन सारखेच असते. पूर्वी तसे नव्हते. लोक शवाला उंची वस्त्रे घालत. गरिबांना तो खर्च झेपत नसे आणि त्यांना फार लाज वाटे. तेव्हा रब्बान गमलिएल नावाच्या एका मोठ्या धर्मगुरूने सांगून ठेवले, की मला साध्या तागाच्या कापडात पुरा. एवढा मोठा माणूस साध्या कापडात पुरला गेला, मग इतरांना संकोच कसला? तेव्हापासून सर्वांनीच ती रीत धरली. मृताची सेवा ही सर्वांत खरी दया होय, असे ज्यू लोक मानतात. कारण उघड आहे. जिवंत माणूस उपकार फेडू शकतो. मृत माणूस ते कधीच फेडू शकत नाही.

आजारी माणसाला भेटायला जाणे हेही धर्माचे काम मानले जाते. तालमुद नावाच्या त्यांच्या प्राचीन ग्रंथात याविषयी एक गमतीदार चर्चा आहे. आजाऱ्याला भेटणारा प्रत्येक माणूस त्याचा एकसाष्ठांश आजार घेऊन जातो, असे तेथे म्हटले आहे. त्यावर कोणीतरी विचारले, "मग एकदम साठ माणसे पाठवा, म्हणजे रोगी उठून बसेल!" उत्तर मिळाले, की तसे नाही. प्रत्येक जण उरलेल्या आजाराचा साठावा भाग नेतो. तुम्ही गणितात अपूर्णांक शिकला आहात. हिशेब करून पाहा. साठ माणसे येऊन गेली, तरी एक तृतीयांशाहून थोडा अधिक आजार शिल्लकच राहतो. म्हणजे एकसष्टाव्या माणसाने 'आता माझी काय गरज?' असे म्हणायला जागाच नाही.

आता पैशांच्या मदतीविषयी पाहू. गरिबाला द्यायच्या दानाला हिब्रू भाषेत 'त्सदाका' म्हणतात. तुम्हांला लगेच 'सदका' हा शब्द आठवला असेल. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातील भाषा आहेत. म्हणून हे शब्द सारखे आहेत. हिब्रूत त्सदाका या शब्दाच्या मुळाशी 'न्याय' हा अर्थ आहे. गरिबाला देणे ही मेहरबानी नाही. त्याचा वाटा त्याला देणे हा न्याय आहे, अशी त्यामागची कल्पना आहे.

प्राचीन काळी प्रत्येक ज्यू वस्तीत एक सार्वजनिक पेटी असे. तिला 'कुप्पा' म्हणत. ज्याच्याकडे आठवड्याचे अन्न नसेल, त्याला दर शुक्रवारी त्या पेटीतून पैसे मिळत. पैसे गोळा करायला एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे, असा नियम होता. त्यामुळे कोणाच्या मनात संशय येत नसे. पैसे वाटायला मात्र तिघे बसत. कोणाला किती द्यायचे, हे ठरवणे म्हणजे न्यायनिवाडा करण्यासारखेच आहे. तो एकट्या माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. शिवाय 'तमहुई' नावाची दुसरी सोय होती. तीत रोज शिजवलेले अन्न गोळा करून भुकेल्यांना वाटत. वाटेने जाणाऱ्या परक्या गरिबालाही अन्न आणि रात्रीचा निवारा मिळे.

दान देताना घेणाऱ्याचा मान राखावा, हे मूसा इब्न मैमून यांनी फार छान समजावून सांगितले आहे. युरोपात त्यांना मायमोनिडीस म्हणतात. ते स्पेनमधील कुर्तुबा शहरात जन्मले आणि पुढे इजिप्तमध्ये स्थायिक झाले. ते मोठे धर्मपंडित आणि नामांकित हकीम होते. १२०४ साली ते वारले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणे ही सर्वांत खालची पायरी. मागण्याआधी देणे ही त्याहून वरची. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, असे देणे त्याहूनही वरचे. मग सर्वांत वरची पायरी कोणती? माणसाला कर्ज द्यावे, भागीदारीत घ्यावे किंवा काम मिळवून द्यावे. म्हणजे पुन्हा हात पसरण्याची वेळच त्याच्यावर येणार नाही.

ही वरची पायरी अनेक ज्यू वस्त्यांनी प्रत्यक्षात आणली. १८९२ साली न्यूयॉर्क शहरात एका सिनेगॉगमधील मंडळींनी बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली. सुरुवातीचे भांडवल होते फक्त ९५ डॉलर. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कामगारांना आणि फेरीवाल्यांना तेथून छोटी कर्जे मिळत. कर्ज फेडले, की तोच पैसा दुसऱ्याच्या कामी येई. ही संस्था आजही चालू आहे आणि ती कर्ज देताना कोणाचा धर्म पाहत नाही.

आपल्या मुंबईतही असेच घडले. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल मुलांच्या शिक्षणाची नीट सोय नव्हती. तेव्हा हायम सॅम्युअल किहीमकर यांनी पुढाकार घेतला आणि १८७५ साली शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गरिबाला एक वेळ धान्य दिले, तर त्याचा एक दिवस निभतो. मुलाला शिकवले, तर त्याचे घर उभे राहते. शिकलेले अनेक बेने इस्रायल तरुण पुढे कारकून, शिक्षक, डॉक्टर आणि सैनिक झाले.

मदत ही फक्त दुःखातच करायची असते, असे मात्र समजू नका. आनंदही वाटून घ्यावा लागतो. बेने इस्रायलांच्या घरी लग्न ठरले, बाळ जन्मले, नवस फेडायचा असला, की 'मलिदा' करतात. पोहे, ओले खोबरे आणि साखर एकत्र कालवतात. त्याभोवती फळे मांडतात. एलियाहू हन्नाबी यांचे नाव घेतात. एलियाहू म्हणजे आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो, तेच. प्रार्थना झाली, की मलिदा सर्वांना वाटतात.

मित्रांनो, आता थोडी मनाला हुरहुर लावणारी गोष्ट. १९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला. त्यानंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची येथील संख्या सुमारे वीस हजार होती. आज सगळ्या भारतात मिळून ज्यू काही हजारच आहेत. मुंबईत आणि ठाण्यात अजून त्यांची वस्ती आहे. पण कोकणातल्या गावांत काय उरले? अलिबागला आजही 'इस्रायल आळी' आहे. तेथे मशीद आहे. पेण आणि रेवदंडा येथेही मशिदी आहेत. माणसे मात्र थोडी. ज्या गावात पूर्वी हाक मारली की वीस जण येत, तेथे आता दहा जमवणे कठीण झाले आहे. सणाला मुंबई-ठाण्याची मंडळी गाडी करून गावी येतात. त्या दिवशी दिवे लागतात, मोजणी पुरी होते आणि प्रार्थना होते. आपण गेलो नाही तर गावची मशीद मुकी राहील, हे ओळखूनच ते एवढा प्रवास करतात.

मोजणीत न बसणारी माणसेही कधी कधी उपयोगी पडतात. कोलकात्यात ज्यूंची वस्ती आता इतकी लहान झाली आहे, की दहा जण जमत नाहीत. तेथील सिनेगॉगांची झाडलोट आणि राखण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान सेवक करत आले आहेत. हे सेवक मिन्यानमध्ये मोजले जात नाहीत. पण ते नसते, तर त्या इमारतींत धूळ आणि जाळी साचली असती. इकडे मुंबईत, भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात सर जेकब ससून हायस्कूल आहे. ही शाळा मुळात ज्यू मुलांसाठी काढलेली होती. ज्यू मुले कमी झाली, तेव्हा शाळेने आपले दार आजूबाजूच्या मुलांसाठी उघडले. गेली अनेक वर्षे तेथील बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. आपल्या मुलांसाठी लावलेल्या झाडाची फळे आज शेजाऱ्यांची मुले खात आहेत.

या सर्व गोष्टींत एक सूत्र आहे. दुसऱ्याला मदत करावी, असे तर सगळेच म्हणतात. परंतु मनात आले तर केली, नाही आले तर नाही, असे चालले, तर दुबळ्या माणसाची फार ओढाताण होते. म्हणून ज्यू लोकांनी मदतीला नियमांत बांधले. दहा जणांची मोजणी, सारखे कफन, दोघांनी पैसे गोळा करणे, तिघांनी ते वाटणे, शेजाऱ्यांनी आणलेले पहिले जेवण, हे सगळे नियमच आहेत. नियमाने दिले, तर देणाऱ्याला गर्व होत नाही. नियमाने मिळाले, तर घेणाऱ्याला लाज वाटत नाही. आज जो दहावा म्हणून दुसऱ्याच्या दारी गेला, त्याच्या दारी उद्या दुसरे नऊ जण येणार असतात.

तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या वर्गातही अशी मोजणी असते. आज वर्गात कोण आले नाही? दोन दिवस एक बाक रिकामा का आहे? त्या मुलाचा अभ्यास बुडाला असेल, तर वही कोण देणार? घरी जाऊन त्याची चौकशी कोण करणार? प्रत्येकाला वाटते, की दुसरा कोणी तरी जाईल. नऊ जण जमून वाट पाहत असतात. अशा वेळी दहावा माणूस आपण व्हावे.